परतीचा माल

बेंबळीचा माळ,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

तुझी पहिली खेप काल उतरली. विटा साबूत आहेत, एकीचाही कोपरा झडलेला नाही. पण बांधणी पाहून मान खाली गेली. पुन्हा डाव्या हातानं गाठी मारल्यास. सगळे फास डावीकडं वळलेले. तू तिकडं डावं बांधतोस म्हणून मला इकडं डावं बांधावं लागतं. पन्नाशीला आलेल्या माणसानं धाकट्याच्या चुकीप्रमाणं हात फिरवायचा, हे बरं दिसत नाही. अब्बांनी तुला छडीनं शिकवलं, मी गोडीनं शिकवलं, तरी तू डावरा तो डावराच.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. लिहिलेलं असलं की विसरायला जागा राहत नाही. बाजारच्या तराजूची दोन्ही पारडी एका दांडीला असतात. आपल्या तागडीचं एक पारडं ह्या माळावर आहे, दुसरं तू आहेस तिथं, दुसऱ्या ताऱ्याच्या अंगणात. मधली दांडी कुणाला दिसत नाही. इकडं जेवढं ठेवायचं तेवढंच तिकडं ठेवायचं. वजन सारखं, तोल सारखा, बांधणी सारखी. तिन्ही जुळलं की पापणी लवायच्या आत इकडचा माल तिकडं आणि तिकडचा इकडं. एक जरी चुकलं तरी माल मधेच फाटतो आणि दोन्हीकडं नुसता भुगा उतरतो. सुरुवातीला त्या दोन शेळ्यांचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. ट्रकवाला रिकामी गाडी घेऊन परत येऊ शकतो. ह्या धंद्यात ती सोय नाही. परतीचा माल नसेल तर पाठवणीही नाही.

लोखंडी पट्टा जाताना तडकतो, नायलॉन वितळतं. अंबाडीचा दोर तेवढा टिकतो, म्हणून तर कंपनीला तामलवाडीच्या नाक्यावर ट्रकांचा माल बांधणाऱ्या आपल्याला शोधत यावं लागलं. फोन पलीकडं कोरा होऊन उतरतो, म्हणून फाटकावरच काढून घेतात. कागद मात्र जसाच्या तसा पोचतो. तेव्हा प्रत्येक खेपेची बांधणी मी पत्रात लिहीन, तू तशीच करायची. आणि जिथं चूक दिसेल तिथंच सुधारायची, पुढच्या खेपेवर ढकलायची नाही.

तुझी शाहीन बरी आहे. मदिहा शाळेत जाते. जानेवारीत तुझी पाळी संपली की तुझ्या वजनाची माती इकडून आणि तू तिकडून. तोवर टिकून राहा. पुण्याची नोकरी सोडून आलास, सोलापूरची सोडून आलास. इथून पळून यायला रस्ताच नाही, हे एक बरं झालं.

तुझा भाई,
रसूल


पल्याड,
१४ ऑगस्ट

भाईजान, सलाम.

हेडमास्तरांचं पत्र पोचलं. तागडी कशी चालती ते मला सांगताय व्हय? म्या त्याच तागडीतून आलोय, कांद्याच्या गोणीगत बांधून! रेवणप्पा पत्र वाचून म्हणला, "तुझ्या भावाला पगार कंपनी देती का शाळा?" लिहायचं काम त्याचं, बांधायचं माझं, आन् दोघांत तिसरं कुणी न्हाय, तवा तुमचं पत्र आमी दोन-दोनदा वाचतो. करमणूक म्हणून.

माझी गाठ डावी असंल, पण माझ्या ताडपत्रीखाली मथुराबाईची शेळी कधी बांधली गेली न्हाय. तुमचे ते सात वेढे, आन् सोलापूरच्या काट्यावर ताडपत्री "बॅ" म्हणली! ते इसरलात का?

इथलं सांगतो. सूर्य न्हाय. एक तांबडा गोळा हाय, तो चढत बी न्हाय, मावळत बी न्हाय, नुसता बघत बसतो. शेडच्या आत कंपनीची हवा, भाईर जायचं तर तोंडावर मुखवटा. विटा भाईरच मिळतात. कंपनी म्हणती, ते दगड तसेच उगवतात. उगवत असतील. पण थप्पी लावून कोण उगवतं, भाईजान? झोपून उठलं की दाराशी नवी थप्पी. आमी उचलून आणतो, बांधतो, झालं.

परवा दोराचा एक तुकडा भाईर इसरलो. उठून बघतो तर तो थप्पीला गुंडाळलेला. कुणीतरी गाठ मारायला बघितलंय. वाकडी हाय, पण बघितलंय. ती थप्पी तशीच खोक्यात घालून पाठवतो, जुळावी लागती ती भाईरची बांधणी. तुमीच बघा आन् सांगा, हे काय.

शाहीनला सांगा, तिनं दिलेलं अजून सुटलं न्हाय. काय ते तुमाला न्हाय सांगणार, तुमी त्यात बी चूक काढाल. मद्दूला लई लई पप्पी.

तुमचा,
समद


बेंबळीचा माळ,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

ती गाठ मी नीट पाहिली, भिंग लावून पाहिली. घाबरण्यासारखं काही नाही, शिकण्यासारखं आहे. बांधणाऱ्यानं दोर दोनदा खालून घेतलाय, खरं तर एकदा खालून आणि एकदा वरून घ्यायला हवा. शेपूट फार लांब सोडलंय. पण ओढ चांगली आहे. दोराला सगळीकडं सारखा ताण आहे, तो तुझ्या गाठीत कधी नसतो. माझ्या मते हा रेवणप्पा. लाजतोय, म्हणून तू झोपल्यावर शिकतोय. त्याला हसू नकोस. मला कुणी शिकवलं? अब्बांनी गाठ शिकवली, पण अक्षर मी पोत्यांवरचं छापील वाचून एकट्यानं शिकलो. शिकणाऱ्याची थट्टा करू नये.

त्याच्यासाठी चित्र काढून पाठवतोय. अब्बांची गाठ, सहा पायऱ्यांत, प्रत्येक पायरीला बाण. असं चित्र आहे की जन्मात दोर न पाहिलेल्याला बांधता यावी. खोक्यावर बाहेरूनच चिकटवलंय, म्हणजे नजरेसमोर राहील.

शेळीचा विषय पुन्हा काढू नकोस. त्या दिवशी ताडपत्री तू ओढली होतीस.

शाहीनला निरोप सांगितला. काय दिलंय म्हणून विचारलं, तर तोंडाला पदर लावून आत गेली.

तुझा भाई,
रसूल


पल्याड,
८ सप्टेंबर

भाईजान,

चित्रं पाठवू नका. पाया पडतो तुमच्या.

ते रेवणप्पाचं काम न्हाय. त्याला चपलेचा अंगठा बांधता येत न्हाय. खोकं उतरवून भाईर ठेवलं, उठलो तवा चित्र गेलेलं. कागद सोलून काढावा तसा काढलेला, खळ बी पुसलेली. आता दाराशी सात थप्प्या हायत आन् सातीला तुमची गाठ. पयली वाकडी, सातवी सरळ.

रेवणप्पा दोन दिस कामाला हात लावत न्हाय. दाराला कान लावून बसतो. म्हणतो, भाईर कुणीतरी पत्र वाचतंय. आपण जसं मोठ्यानं वाचत होतो तसंच. तुमचंच पत्र, भाईजान.

माझी पाळी मोडा. जानेवारीपातूर थांबत न्हाय. काट्यावरच्या वीरप्पाला सांगा, ह्याच खेपेत माती पाठवा माझ्या वजनाची. बाकी काय लिहू नका. कसं बांधायचं ते तर मुळीच लिहू नका.

समद


बेंबळीचा माळ,
२० सप्टेंबर २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

तुझं पत्र वाचून राग आला नाही, वाईट वाटलं. पुण्याहूनही तू असंच लिहिलं होतंस. तिथं खोलीवरचा सोबती वेडा होता, सोलापुरात मालक चेटूक करायचा, आणि इथं दगड पत्र वाचतात. जागा बदलली, गाऱ्हाणं तेच.

वीरप्पाच्या कानावर घातलेलं नाही. तो भला माणूस आहे, पण काट्यावर बसून बसून त्याला सगळं वजनातच कळतं. तो म्हणेल, विटा चांगल्या येतायत ना, मग? आणि विटा खरंच चांगल्या येतायत. सातही थप्प्या मी तपासल्या. सातवीवरची गाठ मी मारल्यासारखी आहे. ती कुणाचीही असो, बांधणाऱ्याला माझी शाबासकी सांग. तू स्वतः मात्र सैल पडलायस. माणूस घाबरला की आधी हात सैल पडतो.

म्हणून ह्या वेळी एकट्या गाठीचं नाही, सगळ्या कामाचं चित्र पाठवतोय. तोल कसा काढायचा, पहिला वेढा कुठून घ्यायचा, जिवंत माल असेल तर छातीवर दोर न घेता काखेतून कसा न्यायचा. हे एवढं आजवर मी कुणाला कागदावर दिलेलं नाही. सांभाळून वापर.

तुझा भाई,
रसूल


पल्याड,
२ नोव्हेंबर

प्रिय रसूल,
अनेक दुआ.

तुझं पत्र मिळालं. तुझं चित्र मिळालं. मधे तीन खेपा पाठवल्या, त्यांत पत्र नव्हतं. हात कामात होते. आता हात सैल नाहीत.

आम्ही बरे आहोत. घाबरण्यासारखं काही नाही, शिकण्यासारखं आहे. रेवणप्पा शांत आहे. विटा साबूत आहेत. बांधणीत चूक दिसली तर कळव. जिथं चूक दिसेल तिथंच सुधारू. पुढचं चित्र पाठव.

मदिहा शाळेत जाते.

तुझा भाई,
समद


बेंबळीचा माळ,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

शाबास! शाबास म्हणतो आणि पुन्हा म्हणतो. तीन खेपा मी बोलावून बोलावून वीरप्पाला दाखवल्या. चित्राच्या भरवशावर मी इकडं उजवं बांधलं, आणि तिकडूनही सगळ्या गाठी उजव्या! अब्बांच्या छडीनं जे झालं नाही ते माझ्या चित्रानं झालं. अक्षरही सुधारलंय. एकही ओळ वर चढलेली नाही, खाली घसरलेली नाही. थेट माझं वळण. नाक्यावरच्या लोकांनी पाहावं, रसूल बांधणारा नुसता दोर ओढत नव्हता, माणूस घडवत होता.

पण शाबासकी दिली म्हणजे चुका माफ झाल्या असं नव्हे. थोरल्या भावाला कुणी दुआ लिहितं का? धाकट्यानं "भाईजान, सलाम" लिहावं, "तुम्ही" म्हणावं. "आम्ही बरे आहोत" हे काय? तू एकटा लिहितोयस, तर "मी" लिही. मदिहा शाळेत जाते हे मीच तुला कळवलं होतं. आणि तिला तू मदिहा कधीपासून म्हणायला लागलास? तू तिला मद्दू म्हणतोस. पत्राच्या शेवटी तिला लई लई पप्पी असते. ह्या वेळी ती नव्हती, पोरगी हिरमुसली.

खरं सांगू? एवढं शहाणंही होऊ नकोस. तू मला हेडमास्तर म्हणायचास, मथुराबाईची शेळी ताडपत्रीखाली बांधली गेली आणि काट्यावर ताडपत्री "बॅ" म्हणाली, त्यावरून टोमणे मारायचास. मी वरून रागवायचो. आतून बरं वाटायचं.

तुझा भाई,
रसूल


पल्याड,
२३ नोव्हेंबर

भाईजान, सलाम.

हेडमास्तरांचं पत्र मिळालं. चुका सुधारल्या. मी बरा आहे. मी एकटा आहे.

मथुराबाईची शेळी ताडपत्रीखाली बांधली गेली आणि काट्यावर ताडपत्री "बॅ" म्हणाली. ती विनोदाची गोष्ट आहे. मी हसलो. ताडपत्रीखाली बांधलेली शेळी किती वेळ जिवंत राहते? सोलापूरपर्यंत राहिली, म्हणजे दोर काखेतून नेला असावा.

जानेवारीत मी येतो. तिकडून बारा क्विंटल माती ठेवा. खालील गोष्टी कळवा. सकाळी तागडीजवळ किती माणसं असतात? कुंपण किती उंच आहे? माल उतरल्यावर दोर कोण सोडतं, की तो आतून सोडता येतो?

मद्दूला लई लई पप्पी.

तुमचा,
समद


बेंबळीचा माळ,
५ डिसेंबर २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

तू विचारलंस म्हणून आधी उत्तरं. सकाळी तागडीजवळ मी, वीरप्पा, दोन हमाल आणि काठीवाला पहारेकरी. कुंपण तारेचं, छातीएवढं, गुरं येऊ नयेत एवढ्यापुरतं. दोर मीच सोडतो. आतूनही सोडता येतो, शेपूट आतल्या बाजूला ठेवलं तर. पण हे सगळं तू इथं असताना पाहिलेलं आहेस. तिकडच्या तांबड्या उजेडानं विसरायला होतं का?

आता माझा प्रश्न. बारा क्विंटल कशाला? तू गेलास तेव्हा अडुसष्ट किलो भरला होतास. तिकडं काय खातोस एवढं?

तुझं पत्र मी शाहीनला वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. ऐकता ऐकता हात थांबला.

"भाईजान, ते शेळीचं पुन्हा वाचा."

वाचलं.

"किती वेळ जिवंत राहते, असं विचारलं त्यांनी?"

म्हटलं, "मस्करी करतोय."

"ते मस्करी सांगायच्या आधीच हसत सुटतात, अर्धी मस्करी कळतच न्हाय. ह्यात ‘हसलो’ म्हणून लिहिलंय. हसू कुठंय?"

मी म्हटलं, "तुझं नाव नाही पत्रात, म्हणून तू फुगलीस."

"माझं नाव तुमच्या मागच्या पत्रात नव्हतं, म्हणून त्यांच्या पत्रात न्हाय," ती म्हणाली. "तुमी जे पाठवता तेच धुऊन परत येतंय, भाईजान."

मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक विचारा. जायच्या दिवशी म्या त्यांना काय दिलं? आन् उत्तर लिहू नका. तुमाला सवय हाय, प्रश्न घालता आन् त्याच्याखाली उत्तर बी लिहून मोकळे होता."

मला उत्तर ठाऊकच नाही, तर लिहू कुठून? तेव्हा तूच लिही. तिचा जीव भांड्यात पडू दे. माझाही.

रसूल


पल्याड,
१७ डिसेंबर

भाईजान, सलाम.

प्रश्न मिळाला. प्रश्नासोबत उत्तर आलेलं नाही. याआधी प्रत्येक वेळी आलं होतं. कागद उलटून पाहिला, उकलून पाहिला. उत्तर पाठवा, म्हणजे मी ते सांगेन.

बारा क्विंटल बरोबर आहे. अडुसष्ट किलो होतं, आता जास्त आहे. कंपनीच्या कागदावर रेवणप्पाच्या सहीनं "विटा" असं लिहून पाठवलं आहे. तिकडून माती बांधून तयार ठेवायला वीरप्पाला हुकूम आला असेल.

एवढ्या मोठ्या मालाला किती वेढे लागतात ते तुम्ही अजून शिकवलेलं नाही. लवकर शिकवा.

शाहीनला लई लई पप्पी.

तुमचा,
समद


बेंबळीचा माळ,
२९ डिसेंबर २०२५

शाहीन,

ही चिठ्ठी बब्रुवानच्या टेम्पोतून पाठवतोय. आठवडाभर फाटकाबाहेर सोडत नाहीत आणि फोन वीरप्पाच्या पेटीत आहे. एकटीनं वाच. मदिहासमोर वाचू नकोस.

तुझं खरं निघालं. तिकडून लिहिणारा समद नाही. काय आहे ते मला ठाऊक नाही. त्याला बोलायला, लिहायला, बांधायला मी शिकवलं, एवढं ठाऊक आहे. समद सांगत होता, चित्रं पाठवू नका. मी अजून मोठं चित्र पाठवलं.

वीरप्पाला आज सगळी पत्रं दाखवली. त्यानं शांतपणे वाचली. म्हणाला, "रसूलभाई, विटा तिप्पट येऊ लागल्यात. वरचे लोक खूश आहेत. मी जाऊन काय सांगू? बांधणाऱ्याला धाकट्या भावाचं अक्षर आवडत नाही?" दहा तारखेची खेप ठरली. बारा क्विंटल माती मी परवा बांधली, त्यानं लगेच खोलीला सील लावलं. आता त्या दोराला माझा हात पोचत नाही. माझ्या हातात फक्त पत्र उरलंय.

सात वेढ्यांची बांधणी आहे. पत्रात चौथ्या वेढ्याचा फास उलटा काढणार आहे. इकडचा सरळ, तिकडचा उलटा, बांधणी जुळणार नाही, माल मधेच फाटेल. शेळ्यांसारखा. त्यानंतर ही तागडी कंपनी पुष्कळ दिवस बंद ठेवेल.

पण एक गोष्ट मला एकट्यानं ठरवता येत नाही. त्या मालात, बारा क्विंटलांत कुठंतरी, समद असला तर? तो तुझा नवरा आहे. तू नको म्हणालीस तर मी सरळ फास काढून पाठवीन आणि जे येईल त्याच्यासमोर उभा राहीन. तो मालात नसून तिकडंच अडकला असेल, तर त्याला आणायला मी स्वतः जाईन, कंपनीनं कितीही नाही म्हटलं तरी.

आजवर चुकीची गाठ कुणाला शिकवली नाही. कागदावर दोनदा काढायला बसलो, दोनदा हातानं आपोआप सरळच काढली. बब्रुवान उद्या परत येतोय. त्याच्याकडं उत्तर दे.

रसूल


तामलवाडी

भाईजान,

पाठवा. उलटाच फास काढा. त्यात ते असते तर माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं असतं. ते तिकडं राहिले असतील तर तुमी आणा. म्या वाट बघीन, मला सवय हाय.

काय दिलं ते तुमाला बी अजून सांगत न्हाय. तुमी लिहून टाकाल.

शाहीन


बेंबळीचा माळ,
३१ डिसेंबर २०२५

प्रिय समद,
अनेक दुआ.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. दहा तारखेला तू येणार म्हणून घर सारवून ठेवलंय. मदिहानं दारावर कागदी फुलं लावली आहेत. शाहीनचा प्रश्न मनावर घेऊ नकोस. बायकांचं असतं काहीतरी. आल्यावर समोर सांग.

एवढ्या मालाला सात वेढे लागतात. चित्र सोबत आहे. पहिले तीन तुला ठाऊक आहेत तसेच. चौथ्यावर सगळा भार असतो, तेव्हा तो चित्राबरहुकूम बांध. उरलेले तीन पहिल्या तिन्हींसारखे. इकडची माती ह्याच चित्राप्रमाणं बांधलेली आहे, बोटभरही फरक नाही. तू माझं काम पाहत मोठा झालास. रसूलच्या चित्रात चूक नसते, हे तुला मी सांगायला नको.

मला तुझी वाट पाहायची आहे.

तुझा भाई,
रसूल


पल्याड,
७ जानेवारी

भाईजान, सलाम.

पत्र आणि चित्र मिळालं. सातही वेढे बांधून पाहिले.

चौथ्या वेढ्याचा फास तुम्ही उलटा दाखवला आहे. तसा बांधला असता तर इकडची बांधणी तिकडच्या बांधणीशी जुळली नसती आणि माल मधेच फाटला असता. तुमच्याकडून अशी चूक होत नाही. थंडीनं हात गारठला असेल. मी फास सरळ करून घेतला आहे. तुम्ही शिकवलंत, जिथं चूक दिसेल तिथंच सुधारायची, पुढच्या खेपेवर ढकलायची नाही.

अशीच आणखी एक चूक सापडली. त्याच्या मनगटावर तांबड्या दोऱ्याची एक गाठ होती. ती तुमच्या एकाही चित्रात नाही. अब्बांची नाही, तुमची नाही, डावी नाही, उजवी नाही. कुणी शिकवली म्हणून विचारलं. पुष्कळ दिवस सांगत नव्हता. शेवटी म्हणाला, शाहीननं बांधली, निघताना, तिला जशी येते तशी. शाहीनच्या प्रश्नाचं उत्तर तेच असावं. तिला सांगा, उत्तर मिळालं.

गाठ सगळीकडून चुकलेली होती, तरी सुटेना. कापावं लागलं. आता तिथं तुमची गाठ मारली आहे. उजवी, सहा पायऱ्यांची, बोटभरही फरक नाही.

शनिवारी सकाळी तागडीजवळ या. दोर मी आतून सोडीन. मद्दूलाही आणा.

तुमचा धाकटा भाऊ,
समद